पुजलेले ब्रेक

लोकांची लग्नं पत्रिकेवरून मोडतात, मानपानावरून मोडतात, वरमाईच्या लुगड्याच्या काठावरूनही मोडतात. माझं ब्रेकवरून मोडायला आलं होतं, आणि तेसुद्धा मागच्या.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. नगरच्या छावणीतल्या एका लष्करी साहेबाची बदली झाली आणि त्याची दोन माणसांची, बिनटपाची, लालभडक विलायती मोटार माझ्या गळ्यात पडली. साहेब तिला स्पोर्ट्स कार म्हणायचा. आमच्या गावात कुणी तिला होडी म्हणे, कुणी पाळणा. ती इतकी बुटकी होती की रस्त्यानं जाणाऱ्या शेळ्या वरून वाकून आत कोण बसलंय ते बघायच्या. पळायला मात्र अशी, की वेशीत हॉर्न वाजवला तर हॉर्नचा आवाज मागून यायचा, आधी मी पोचायचो. थांबायचं तेवढं तिच्या मर्जीवर होतं.

तर ही गाडी घेऊन मी सोनईला मुलगी बघायला गेलो. सोबत माझी आत्या. आई लवकर गेली, तेव्हापासून आत्यानंच आमचं घर आणि आमची सगळ्यांची कानशिलं ताब्यात घेतली होती. सोनईची गल्ली वळून मुलीच्या घराच्या फाटकासमोर आलो, ऐटीत ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला गेला. चिखलात पाय जावा तसा. फाटक उघडं होतं हे त्या घराचं नशीब. गाडी आत शिरली, वाळवणाच्या बाजरीवरून गेली, स्वागताला उभ्या असलेल्या मंडळींच्या मधून गेली आणि कडब्याच्या गंजीत नाक खुपसून बसली. वरच्या पेंढ्या आमच्यावर कोसळल्या. एका म्हशीनं दावं तोडलं ती थेट मुळा नदीत सापडली म्हणतात. मुलीचा एक म्हातारा चुलता पेरूच्या झाडावर चढला होता, त्याला उतरवायला शिडी आणावी लागली.

कडब्यातून डोकं वर काढलं तर दारात मुलगी उभी. हातात पोह्यांची ताटली. आणि हसत होती. पदर तोंडाला लावून वगैरे नाही, चांगली खदाखदा, ताटलीतले पोहे उडतील अशी. मी जागच्या जागी ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच.

तिच्या वडिलांनी काही वेगळंच ठरवलं होतं. गडी पहाडासारखा, मिशा बैलाच्या शिंगांसारख्या. बैलांचाच नाद होता त्यांना. त्यांचे बैल म्हणे उधळलेले असले तरी त्यांच्या एका 'हौऽ'ला जागच्या जागी उभे राहायचे. ते माझ्याकडं बघत राहिले, मग गाडीकडं, मग बाजरीकडं.

"पावनं," ते म्हणाले, "माजी जनावरं बिनशिकलेली हायती, पर थांब म्हणलं की थांबत्यात."

"मागचे ब्रेक गेलेत जरा," मी म्हणालो.

"व्हय का? मग पोरगी तुमच्या गाडीत बसवली आन् फुडं हीर आली, तर काय सांगायचं हिरीला? जरा मागचं गेल्यात म्हून?"

आत्या कडब्यातून म्हणाली, "आवो, पोराला नीट करता येती गाडी. सोताच्या हातानं करतो सगळं."

हे आत्यानं का सांगितलं, देव जाणे. मी तोवर सायकलची चेनसुद्धा स्वतः चढवली नव्हती. पण त्या मिशीवाल्या म्हाताऱ्यानं तो शब्द झेलला. खाली वाकून चुन्याच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि फाटकाच्या उंबऱ्याशी एक रेघ ओढली.

"मग ठरलं. दसऱ्याला या. सोताच्या हातानं नीट करून आना. हितं, ह्या रेघंवर थांबवून दावा. थांबली, तर तितंच सुपारी फोडू. न्हाई थांबली, तर श्रीरामपूरकडचं एक स्थळ हाय. कारखान्यात नोकरीला हाय. जिपातनं फिरतंय, आन् त्येची जीप थांबतीया."

त्या न पाहिलेल्या जीपवाल्याचा मला त्या क्षणापासून जो राग आला, तो आजही पुरता गेलेला नाही.

गाडी बैल जुंपून घरी आणली आणि मी कामाला लागलो. आता मोटारीच्या मागच्या ब्रेकमध्ये असतं काय, ते थोडक्यात सांगतो. चाकाच्या आत एक लोखंडी डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या पोटात दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांवर लायनर, म्हणजे घासून धरणारं जाड अस्तर, ठोकलेलं असतं. पायानं ब्रेक दाबला की नळीतल्या तेलाच्या जोरानं त्या पट्ट्या फाकतात आणि ड्रमला आतून घट्ट धरतात. लहान पोराला कळेल इतकं सोपं. फक्त हे सगळं उघडायला आधी चाक काढावं लागतं, आणि चाकानं निघायला हवं.

त्या गाडीच्या चाकाला चार नट नव्हते. मधोमध एकच मोठा नट, दोन कान फुटलेला, हातोड्यानं ठोकून फिरवायचा. डावीकडचा निघाला. त्याच अंगानं मी उजवीकडचा ठोकायला घेतला. ठोकला, ठोकला, गावातली पाखरं गाव सोडून गेली, तरी नट हलेना. आत्या ओसरीवर तूर निवडत बसली होती.

"आरं, ते आवळतंय का काय?" ती म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला न्हाई कळत. पर मगापासनं ते आत चाललंय, भायेर न्हाई."

विलायतेतल्या कुणा शहाण्यानं दोन बाजूंच्या नटांचे आटे उलटसुलट करून ठेवले होते. डावा इकडं फिरवला की सुटतो, उजवा त्याच अंगानं फिरवला की आवळतो. मी तो इतका आवळला होता की पृथ्वी त्या नटाच्या आधारानं लटकावली असती तरी पडली नसती. तो सोडवायला तालमीतले दोन पैलवान आले, त्यातल्या एकाची पाठ तेव्हापासून धरली ती धरलीच.

ड्रम निघाले तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. लायनर संपून रिवेटा उघड्या पडल्या होत्या आणि त्यांनी ड्रमच्या पोटात असे चरे पाडले होते की पाभर घेऊन त्यात ज्वारी पेरावी. वर पट्ट्या फाकवणारा तेलाचा सिलेंडर गळत होता. म्हणजे ड्रम नवे, लायनर नवं, सिलेंडरचं रबर नवं. नगरला गेलो. सुट्या भागांच्या दुकानदारानं ड्रम हातात धरून असा न्याहाळला जणू उत्खननातून आलाय, आणि म्हणाला, "हे आता विलायतेतच." मी म्हणालो, दसऱ्याच्या आत? तर तो हसला आणि त्यानं चहा मागवला, एकट्यापुरता.

शेवटी लष्करी भंगाराच्या ढिगात जवळपास त्याच मापाचे ड्रम सापडले. लेथवर आतून कापून घेतले. लायनर आणलं, ते पट्ट्यांवर तांब्याच्या रिवेटांनी मी ठोकलं, माझ्याच अंगठ्यासकट. स्प्रिंगा बसवून बघताना एक स्प्रिंग हातातून निसटली, ती ओसरीवरून उडून स्वयंपाकघरात गेली आणि आत्याच्या लोणच्याच्या बरणीत पडली. तीन वर्षांपूर्वीचं लोणचं होतं. "मुरू दे आता," आत्या म्हणाली. मी बरणीत कोपरापर्यंत हात घालून स्प्रिंग काढली. पुढं कितीतरी दिवस माझ्या हाताला माशी बसली नाही.

असं करत करत नवरात्रातली अष्टमी आली. सगळं तयार होतं. ड्रम, पट्ट्या, स्प्रिंगा, रबरं, सगळं गोणपाटावर ओळीनं मांडून ओसरीवर ठेवलं. गाडी दगडांवर चढवलेली. उद्या सकाळी बसवायचं, दुपारी फिरवून बघायचं, परवा दसरा. माझ्या हिशेबात उद्याचा अख्खा दिवस माझा होता.

कुणब्याच्या घरात जन्मून नवमीचा दिवस आपला समजणारा माझ्यासारखा गाढव तुम्हाला सापडायचा नाही.

सकाळी उठून ओसरीवर आलो आणि खांबाला धरून उभा राहिलो. खंडेनवमी! आत्यानं पहाटे उठून घरातली यच्चयावत हत्यारं मांडली होती. नांगराचा फाळ, कुळव, विळे, खुरपी, कुऱ्हाड, तिच्या ओळीत विळीसुद्धा. आणि पुढच्या मानाच्या ओळीत माझे पाने, माझा हातोडा, माझा जॅक, माझे ड्रम, माझ्या ब्रेकच्या पट्ट्या. प्रत्येकाला स्वच्छ पुसून, करडईचं तेल चोळून, हळदकुंकू लावून झेंडूची फुलं वाहिलेली. लोखंड कसं लखलखत होतं! आणि नवं कोरं लायनर, जे कोरडं ठणठणीत असलं तरच धरतं, ते तेलानं मऊसूत, चकचकीत, नुकत्याच न्हायलेल्या बाळासारखं.

"आत्या," मी म्हणालो. "तू ह्याला तेल लावलंस?"

"मग? लोखंड हाय. वर्सातनं येकदा लावावं लागतं. ह्ये तर लई पीत हुतं, दोनदा लावलं."

"दोनदा!"

"तिसऱ्यांदाबी लावणार हुते, पर बुधलीतलं संपलं."

"अगं, ब्रेकला तेल लागलं की तो घसरतो! धरतच नाही!"

"काय सांगतोस! तूच न्हाई का डबडं भरून ब्रेकचं तेल आनलंस नगरास्नं? ते काय डोक्याला लावायला?"

आता ते तेल नळीच्या आत आणि हे बाहेर, हे तिला समजावणं म्हणजे आणखी एक नवरात्र. मी कपाळाला हात लावला आणि पाना उचलायला वाकलो. तिनं हातावर चापट मारली.

"खबरदार! आज हत्याराला इसावा. आजच्या दिशी पुजलेलं उचाललं तर वरीसभर त्ये हातात टिकत न्हाई. उद्या पूजा उतरली की घे."

"मग शेजारून पाने आणतो."

"जा की. कुनाच्या घरात हत्यार उठवायला देत्यात बघू."

मी गेलो. सुतार, लोहार, विहिरीचं इंजन नीट करणारा, सगळ्यांकडं गेलो. गावातला प्रत्येक हातोडा फुलं वाहून पाटावर बसला होता. मशिदीमागच्या पिंजाऱ्याकडं तरी काही मिळेल म्हणून गेलो, तर त्याच्या बायकोनंही शेजारणींबरोबर कापूस पिंजायची धनुकली सजवून ठेवलेली. "आज सबको आराम है भैया," ती म्हणाली, आणि वर मला प्रसादाचा पेढा दिला. त्या दिवशी अख्ख्या नगर जिल्ह्यात काम करणारा एकच जीव असेल, तो मी, आणि तो नुसता चरफडत होता.

दसऱ्याच्या सकाळी आत्यानं नारळ फोडला, पूजा उतरवली आणि मी पट्ट्यांवर झडप घातली. पेट्रोलनं धुतल्या. राखेनं घासल्या. उन्हात धरल्या तर लायनरच्या पोटातून तेल पुन्हा वर येई, घाम यावा तसं. तेल उडवायला त्या चुलीच्या आरावर भाजायला पाहिजेत, हे मला ठाऊक होतं. मी त्या स्वयंपाकघरात नेल्या मात्र, आत्या चुलीच्या आडवी बसली.

"पुजलेलं चुलीत घालनार? माज्या मढ्यावरनं घाल."

तेल तसंच ठेवून पट्ट्या बसवाव्या लागल्या. वर ड्रम, वर चाकं. आता राहिली नळीतली हवा काढणं. ह्याला दोन माणसं लागतात. एकानं ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकामागची बारीक टोपी सैल करून हवा सोडायची, मग पहिल्यानं पाय उचलायचा, तोही टोपी बंद झाल्यावरच. घरात दुसरं माणूस एकच होतं. आत्या नऊवारीचा ओचा सावरत, डोक्यावरचा पदर नीट करत, त्या लाल विलायती गाडीत चाकासमोर बसली. मी गाडीखाली.

"दाब!"

"दाबलं."

"मधला का कडेचा?"

"आडवा हाय त्यो."

"आत्या, सगळेच आडवे आहेत! मधला!"

"आसं सांगावं की. हां. दाबला."

"धरून ठेव. ... आता सोड."

"सोडला."

"आता नाही! मी सांगितल्यावर!"

"सांगितलंस की आता! सोड म्हणालास!"

"मी टोपीला म्हणालो!"

"टोपीशी बोलतोस आन् माज्यावर वरडतोस? दाबू का सोडू? येक काय त्ये ठरीव, पोरा. मला पुरन वाटायचं हाय."

पुरण राहिलं. आम्ही दाबत-सोडत राहिलो. शेजारपाजारच्या बायका पदर सावरत बघायला जमल्या आणि त्यातल्या एकीनं विचारलं की आत्याबाई गाडीतच शिवणाचं मशीन बसवलंय का. ऊन कलायला लागलं तेव्हा कुठं पायाखाली ब्रेक जरा टणक लागला. आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, गाडीला झेंडूचा हार बांधला. फिरवून बघायला वेळ नव्हता. आत्या पुन्हा शेजारी बसली, हातात आपट्याची डहाळी, मांडीवर खोबऱ्याच्या करंज्यांचा डबा, आणि आम्ही निघालो.

पुढचे ब्रेक धरत होते, मागचे तेलात नाचत होते. ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालून मागून तिरकी व्हायची, देवाला नमस्कार केल्यासारखी. घोडेगावच्या आधी मागच्या चाकांतून धूर यायला लागला. धूर तरी कसा! ड्रम तापले, करडईचं तेल तापलं, आणि रस्ताभर भजी तळल्याचा असा खमंग वास सुटला की घोडेगावची कुत्री गाडीमागं लागली. बाजारतळावर एक माणूस हात करून विचारायला लागला, "कांदा का बटाटा?" शिंगणापूरच्या वाटेवर शनीचं तेल विकणारा म्हातारा उभा होता, तो आम्हाला बघून जोडीदाराला म्हणाला, "लोकं देवाला तेल वाहत्यात, ह्येनं गाडीला वाह्यलंय." आत्या शांतपणे म्हणाली, "बग, जानत्याला कळतं."

मी मुद्दाम दर फर्लांगाला ब्रेक दाबत होतो. म्हटलं चुलीत नाही तर नाही, रस्त्यावर तरी भाजू दे. पण मनात हिशेब एकच होता. धूर सरतोय आधी, की सोनई येतेय आधी.

सोनई आधी आली.

गल्ली माणसांनी भरली होती. गेल्या खेपेची कीर्ती पसरली असणार, कारण पुढच्या रांगेतल्या लोकांनी आपली पोरं मागं धरली होती, आणि तो चुलता पेरूच्या झाडावर आधीच जाऊन बसला होता. फाटकाशी चुन्याची ताजी रेघ, पांढरीशुभ्र. आणि रेघेच्या पलीकडं, नेमकं गाडीच्या वाटेत, हाताची घडी घालून मुलीचे वडील उभे. त्यांच्या मागं दारात ती. हातात ओवाळणीचं ताट. आज ती हसत नव्हती.

मी ब्रेक दाबला. गाडीनं नाक खाली घातलं. मागची चाकं कुरकुरली, सणकून धूर निघाला, आणि ती घसरत, तिरकी होत, रेघेकडं निघाली. मी ब्रेकवर उभा राहिलो. खोटं नाही सांगत, सीट सोडून उभाच राहिलो, आत्याही काही नसलेल्या ब्रेकवर उभी राहिली. पुढची चाकं रेघ ओलांडून गेली. म्हातारा हलेना. मिशीचा केस हलेना. गाडीचं नाक त्यांच्या धोतराला लागणार, तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात वर केले आणि अशी आरोळी ठोकली की पेरूवरून पेरू पडले.

"हौऽऽऽ! हौऽऽ राजाऽऽ!"

गाडी थांबली. त्यांच्या धोतरात आणि गाडीच्या नाकात वीतभर अंतर.

मग म्हाताऱ्यानं खाली बघितलं. "रेघ मागं ऱ्हायली, पावनं."

मी उतरलो. गाडीच्या मागं गेलो आणि बोट दाखवलं. गाडी कुठं उभी होती सांगू? मागची दोन्ही चाकं चुन्याच्या रेघेवर. जणू दोरी धरून आणून ठेवलीत.

"मामा," मी म्हणालो, "मोडले होते ते मागचे ब्रेक. मी दुरुस्त केले ते मागचे. मागची चाकं रेघेवर आहेत. पुढच्या चाकांचं माझं-तुमचं काही बोलणंच झालं नव्हतं."

लोक हसले. म्हातारा हसला नाही. "फुडचं चाक गेलं म्हंजी गाडी गेली," ते म्हणाले. "बैलाचं शेपूट दारात ऱ्हायलं म्हून बैल दारात न्हाई ऱ्हात."

संपलं, असं मला वाटलं. तेव्हा ती ताट घेऊन पायऱ्या उतरली.

"दादा," ती वडिलांना म्हणाली, "आज दसरा हाय न्हवं? आज शीव वलांडून येत्यात. वलांडून आलेल्याला ववाळायचं, का माघारी धाडायचं?"

ती माझ्यासमोर आली, निरांजन फिरवलं, आणि मग नाक वर करून हळूच वास घेतला.

"करडईचं का?" तिनं विचारलं.

"दोनदा लावलंय," आत्या अभिमानानं म्हणाली.

आणि ती हसली. तशीच, खदाखदा. निरांजन विझलं. तिच्याकडं बघून म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या, ते मागं वळले आणि त्यांनी सुपारी आणायला सांगितलं.

आता ह्या सगळ्यात नट ठोकले कुणी? रिवेटा मारल्या कुणी? लोणच्यात हात घातला कुणी? पण लग्नाच्या मांडवात माझे सासरे पंगतीपंगतीतून सांगत फिरत होते, "आवो, यंत्र का आसंना, माज्या येका हाकंला हुबं ऱ्हायलं!" आणि त्यांच्या मागोमाग माझी आत्या, "तेल चोळलं हुतं मी, म्हून." माझ्या लायनरबद्दल एका माणसानं, एका पोराटोरानंही चकार शब्द काढला नाही. श्रीरामपूरकडचा तो जीपवाला लग्नाला आला होता. तोसुद्धा सासऱ्यांचे हात हातात घेऊन म्हणाला, "कमाल केलीत."

पुढं ड्रम धुऊन घेतले, लायनर दुसरं घातलं, ब्रेक असे झाले की रुपयाच्या नाण्यावर गाडी उभी करावी. तरी सोनईला गेलो की सासरे फाटकात येऊन उभे राहायचे, हात वर करून 'हौऽऽ' म्हणायचे, आणि मी त्याआधी ब्रेक दाबायचा नाही, असं कुणी न सांगता ठरून गेलं होतं. कधी त्यांना यायला उशीर झाला तर गल्लीला वळसा घालून पुन्हा यायचं. एकदा असे तीन वळसे झाले. शेवटी बायकोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो, थांबवा आता," ती म्हणाली. "दादा मळ्यात गेलेत."